दुसऱ्या फिल्मवरची रेघ

चिठ्ठीवर दोनच आकडे होते, तेराशे बारा आणि तेराशे एकोणीस. खाली गटप्रमुखांची सही आणि नेहमीची ओळ, 'मावशी, जमलं तर आजच.' मावशीने चिठ्ठी वाचली, टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. आकडे तेच होते. अशा चिठ्ठ्या गेली दोन वर्षं रोज येत होत्या. वेधशाळेच्या तळघरात आकाशाच्या चार हजारांवर जुन्या फिल्म होत्या, हातभर लांबरुंद चौकोनी ताव, कागदी पाकिटांत घालून लोखंडी कपाटांत उभे केलेले. मागतील ते काढायचे, स्कॅनरच्या काचेवर पसरायचे आणि त्यांची नक्कल संगणकात उतरवायची, एवढंच तिचं काम उरलं होतं. निवृत्तीला सात महिने होते. या सात महिन्यांत त्या दोन फिल्मवर पाळी येणार नाही, असं तिने कधी मनाशी म्हटलं नव्हतं. पण चिठ्ठी हातात असताना तिच्या लक्षात आलं, की दोन वर्षं आपण रोज सकाळी हाच हिशोब करत तळघराचा जिना उतरतोय. मग तिने उठून दोन्ही पाकिटं काढली, काच पुसली, फिल्म पसरल्या. हात नेहमीसारखे चालले. हातांना काहीच आठवत नसतं, त्यांना फक्त काम येतं.

दुपारी गटप्रमुख स्वतःच खाली आले. चाळिशीतला, अकाली टक्कल पडलेला, बोलका माणूस. आपल्या कामाबद्दल सांगायला त्यांना कुणीही चाले, शिपाई, माळी, मावशी. खुर्ची उलटी फिरवून ते बसले आणि सांगू लागले. नव्या दुर्बिणीने आकाशात एक रेघ सापडली होती. केसासारखी बारीक, सरळ, आणि लांब इतकी की पुनवेचे बारा-तेरा चंद्र ओळीने मांडावेत. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ वायू असतो. त्या रेघेतल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन कशाने तरी उडवून लावले होते, आणि ते पुन्हा जागेवर येऊन बसताना लालसर उजेड देत होते. कशाने उडवले, यावर सगळा वाद. कुणी म्हणत होतं, फार जुन्या काळी एक तारा फुटला, त्याच्या धक्क्याची लाट आपल्याला कडेने दिसतेय. कुणी म्हणत होतं, एखादा मेलेला पण अजून तापलेला तारा त्या बाजूने गेला आणि मागे उजळलेली वाट ठेवून गेला. तारा पुढे निघून जातो, वाट मात्र लाखभर वर्षं विझत राहते. "लाट असेल तर तीस वर्षांत केसभर तरी सरकली असणार," ते म्हणाले, "आणि वाट असेल तर जागच्या जागी. म्हणून जुनी फिल्म हवी. त्या भागाच्या, लाल काचेतून घेतलेल्या, दोनच फिल्म आहेत, आणि त्या तुमच्या कपाटात."

पडद्यावर तेराशे बारा उघडली होती. तारे होते. रेघ नव्हती. गटप्रमुखांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की तारे काळ्या डागांसारखे झाले आणि त्यांच्या मधे फिल्मचे कण दिसू लागले, ओल्या वाळूसारखे. ते पडद्यावर बोट टेकून तिरकं वर नेत गेले. इथे वाळू जरा जास्तच नीटनेटकी आहे, म्हणाले. संगणकाने मोजून दाखवलं नसतं तर डोळ्यांना कळलंही नसतं. कुणीतरी रेघ पुसली होती, हाताने, आणि पुसल्याची खूण लपवायला कणसुद्धा एकेक करून भरले होते. मूळ फिल्मवरच. तेराशे एकोणीसवरही तसंच. मोजायला काही शिल्लक नव्हतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते हसले. "हात मात्र सोन्याचा होता हो, ज्याचा कुणाचा असेल त्याचा," म्हणाले, आणि मग सहज विचारलं, "त्या काळी डार्करूममध्ये कोण असायचं, मावशी?"

"बरेच जण होते," मावशी म्हणाली. "येत-जात असायचे."

ते इतकं सहज तोंडातून गेलं की तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला; एकतीस वर्षांपूर्वी संचालकांच्या खोलीत जो निघाला होता तोच, धाप न लागलेला, मदतीला तत्पर. गटप्रमुख मान हलवून वर गेले. ती खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. तिरक्या पट्ट्यातला एकेक ठिपका तिचा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं शाबूत होतं, चोरानेच ते जपून कपाटात लावून ठेवलं होतं.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि तात्पुरती होती. तात्पुरती हा शब्दच त्या दिवसांत तिच्या नावासारखा झाला होता. लाल उजेड टिपणाऱ्या त्या फिल्मला लाल दिवाही चालत नसे. दुर्बिणीत बसवायच्या पत्र्याच्या चौकटीत भरण्यापासून धुण्यापर्यंत सगळं ठार काळोखात, बोटांच्या भरवशावर. दोन फिल्म तिच्या हातून वाया गेल्या होत्या आणि ताकीद मिळाली होती, की तिसरी गेली तर उद्यापासून येऊ नका. घरी मुलगी तीन वर्षांची, नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान नुकतंच उघडलेलं. आणि त्या दिवशी काळोखात तेराशे बारा चौकटीत सरकवताना मधेच अडकली. पत्र्याच्या कडेला कुठेतरी बारीक कूस, काट्यासारखं टोक, असावी. तिने ओढली. फिल्म कुरकुरली, तो आवाज तिला दातांत जाणवला. न धुतलेल्या फिल्मवर नुसता दाब पडला तरी तिथे काळी रेघ उमटते, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. दोन दिवसांनी, आकाशाचा उजेड घेऊन आलेली ती फिल्म तिने धुतली, दिवा लावला, आणि कोपऱ्यापासून कडेपर्यंत तिरकी, सरळ, बारीक काळी रेघ. बस्स. तिला दुसरा विचारच सुचला नाही. माणसाला आपली चूक दिसली की तो आकाशाकडे कशाला बघेल?

बघितलं ते सुरईने. सुरई म्हणजे दोन वर्षांच्या नेमणुकीवर आलेली संशोधक, उंच, सडपातळ, मान एवढी लांब की सगळे तिला मागून सुरईच म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि ती चिडत नसे. तेराशे बाराची फिल्मवर टेकवून काढलेली छाप हातात घेऊन, अजून कोमट असतानाच, ती डार्करूममध्ये आली होती. तिने छाप दिव्याखाली धरली आणि विचारलं, "बाई, ही रेघ तुम्हाला दिसते ना?" डार्करूममधल्या बाईला काय दिसतं, हे त्या इमारतीत आजवर कुणी विचारलं नव्हतं. मावशी म्हणाली, दिसते. सुरई लहान मुलासारखी हसली. आकाशातलीच आहे, म्हणाली, आणि मग खूप बोलली, वायूबद्दल, ताऱ्यांबद्दल, आणि ती बोलत असताना मावशीला फिल्म धुण्याच्या हायपोच्या आंबूस वासात फक्त फिल्मची ती कुरकुर ऐकू येत होती.

पुढच्या सोमवारी संचालकांनी दोघींना वर बोलावलं. आणखी दोघे-तिघे ज्येष्ठ संशोधक बसलेले. सुरईला त्या भागासाठी दुर्बिणीच्या आणखी दहा रात्री हव्या होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी काढून द्याव्या लागणार होत्या. संचालक म्हणाले, डार्करूमचं डार्करूमवालीला विचारू. बाई, ही रेघ आकाशातली की आपल्या खोलीतली? खोलीतली म्हटलं तर नोकरी जात होती. आकाशातली म्हणायला ती कोण? तिने तिसरंच सांगितलं. "कारखान्याचा दोष आहे साहेब. त्या खोक्यातल्या कोऱ्या फिल्मवरपण अशा रेघा आहेत, मी बघितल्यात." तिने काही बघितलं नव्हतं. ते शेवटचं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं, तिने वर घातलं, तराजूत एक मूठ जास्त टाकावी तसं. संचालक म्हणाले, तेच म्हटलं, एवढी सरळ रेघ मारायला आकाशाकडे फूटपट्टी कुठून आली. सगळे हसले. सुरईसुद्धा थोडं हसली. मग लांब मान वळवून तिने विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंत?" आणि मावशी म्हणाली, "हो मॅडम." सुरईने मान डोलावली. तिने विश्वास ठेवला. लेखी घेतलं गेलं, मावशीने सही केली. नकाशासंग्रह छापायचा होता, म्हणून फिल्म स्वच्छ करायचा हुकूम झाला, आणि चार दिवस ती केसाएवढ्या ब्रशाने, काळेपणा खाणाऱ्या, पातळ केलेल्या फेरिसायनाइडने, रेघ इंचाइंचाने फिकी करत राहिली. वर्षअखेर सुरईची नेमणूक संपली, ती वाढवली गेली नाही. दिसत नाही ते बघणारी बाई, असं कुणीतरी म्हणालं होतं.

संध्याकाळी मावशी नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. तो डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. तिच्या कामाची थट्टा करायची त्याची जुनी सवय. म्हणे, तुझ्या आकाशाचं बरं आहे, लाख वर्षं पुढंमागं झाली तरी कुणी विचारत नाही, माझं गिऱ्हाईक पाच मिनिटांसाठी बोंबलतं. आज तिने त्याला विचारलं, ती उंच बाई अजून येते का. कोण, लांब मानेची? त्याने भिंग न काढताच सांगितलं, की येते की, वर्षा-दीड वर्षानं, पट्टा बदलायला. शाळेत होती ना, झाली आता निवृत्त. चार थांब्यांवर राहते. मावशीला हे माहीत होतं. सुरई कुठे दूरदेशी गेली नव्हती, ती याच शहरात होती. एकदा ती दुकानात शिरताना दिसली तेव्हा मावशी मागच्या पडद्याआड सरकली होती, आणि दहा मिनिटं, सुट्या काट्यांच्या डब्यांमध्ये उभी राहून, तिचा आवाज ऐकत राहिली होती. पट्टा काळा हवा की तपकिरी, यावर ती फार वेळ घोळत होती. शेवटी तिने नवऱ्यालाच विचारलं होतं, तुम्हाला कुठला बरा दिसतो? मावशीने तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पावतीपुस्तकातून तिने पत्ता उतरून घेतला. नवऱ्याने भिंग काढून तिच्याकडे पाहिलं. मग भिंग पुन्हा चढवलं. एकतीस वर्षांत त्याने बहुतेक कधीच काही विचारलं नव्हतं, आणि ती याला त्याचा चांगुलपणा समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गेली. तिसरा मजला, अरुंद जिना, दारावर पाटी नाही. बसमध्ये तिने सगळं मनात जुळवलं होतं, पत्र्याची कूस, ताकीद, तीन वर्षांची मुलगी. ते जुळवताना तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची शरम वाटत होती. कारण ती गोष्ट खरी होती, आणि ऐकणाऱ्याला कीव यावी अशी होती. बिचारी, भ्याली, आपलीच चूक समजून भ्याली. एकतीस वर्षं तिने स्वतःलाही हीच गोष्ट सांगितली होती. हिच्या पलीकडे एक दुपार होती, आणि त्या दुपारकडे गाडी वळायला लागली की ती खिडकीबाहेर बघे.

सुरईने दार उघडलं. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, मान तशीच. तिने लगेच ओळखलं नाही. ओळखल्यावर आत घेतलं, चहा टाकला, शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेल्या तेवीस वर्षांबद्दल सांगितलं, मुलगा कुठे असतो ते सांगितलं. तुम्ही एवढ्या वर्षांनी कशा, असं अजून तिने विचारलं नव्हतं. मावशीने चहा तसाच ठेवला आणि सांगितलं. रेघ आकाशात सापडली. ती खरी होती. कारखान्याचा दोष मी बनवून सांगितला. मला वाटलं रेघ माझ्या हातून पडलीय, नोकरी जाईल म्हणून भ्याले. सगळं तिने बसमध्ये जुळवलं होतं त्याच क्रमाने सांगितलं आणि थांबली.

सुरईने आपला कप बशीत नीट मधोमध ठेवला. तिला राग आला असावा असं मावशीला वाटलं, पण चेहऱ्यावर राग नव्हता, मोजमाप करताना असतो तसा सावधपणा होता. "नेमणूक तशीही संपणारच होती," ती म्हणाली. "ती मी तुमच्या खात्यावर टाकत नाही. पण मला ती रेघ दिसली होती. स्वच्छ. आणि तुम्ही म्हणालात, तुम्ही स्वतः बघितलंय. मला वाटलं, तुमच्यासारखं बघणारं माणूस म्हणतंय, म्हणजे माझेच डोळे खोटे." मग ती हळूहळू, तक्रारीचा सूर न लावता, सांगत गेली. त्यानंतर तिने कुठेही संशोधनासाठी अर्ज केला नाही. गॅस बंद केलाय का, हे ती चारचारदा बघे आणि तरी शेजारणीला बोलवून दाखवी. मुलगा लहान असताना त्याला ताप आला की थर्मामीटर शेजारणीकडून वाचून घेई. शाळेत मुलांनी सूक्ष्मदर्शकात काही दाखवलं तर आधी त्यांना विचारी, तुला काय दिसतं ते सांग, मग मी बघते. "चांगली शिक्षिका म्हणायचे मला," ती म्हणाली. "मुलांना बोलतं करते म्हणून."

मग ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि पुठ्ठ्याची एक जुनी फाइल घेऊन आली. त्यात छाप होती. तेराशे बारा. एकतीस वर्षांनी कडा पिवळट झाल्या होत्या, पण मधून, कोपऱ्यापासून कडेपर्यंत, पांढरी, बारीक, सरळ रेघ. मागे सुरईच्या अक्षरात रात्र, वेळ, फिल्मचा नंबर. फेकायला कितीदा तरी काढली होती, म्हणाली. ही त्यांना द्या, मोजता येईल. (पुढे ती मोजली गेली. सहा महिन्यांनी गटप्रमुखांनी सांगितलं, की रेघ सरकली होती, फिल्मवर धरली तर एका केसाच्या जाडीइतकी. म्हणजे लाट. कुणाच्याही हिशोबात नसलेल्या, कधीकाळी फुटलेल्या ताऱ्याची.) पण नुसती छाप देऊन भागणार नाही, सुरई म्हणाली, ती कुणाची, आणि फिल्मवरची रेघ कुठे गेली, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. तिने कोरे कागद आणि पेन समोर ठेवलं. त्या ठेवण्यात शिक्षा नव्हती, मायाही नव्हती. शाळेत परीक्षेला कागद वाटावेत तसे ठेवले.

मावशी लिहू लागली. पद, काळ, तेराशे बारा. चौकटीची कूस, ताकीद, खोटं विधान, माझी सही, संचालकांच्या सांगण्यावरून फिल्म स्वच्छ केली. इथवर कागद भरभर भरला. इथे पूर्णविराम देऊन खाली सही करता आली असती. तेराशे एकोणीस कुणी का पुसली याचं उत्तर गटप्रमुखांनी आपापल्या मनाने काढलं असतं, त्याच हुकुमात तीही आली असेल असं. सुरईला तर ती फिल्म ठाऊकच नव्हती. जगात त्या दुपारची माहिती एकाच माणसाला होती आणि ते माणूस सात महिन्यांनी घरी बसणार होतं. पेन कागदावर टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. संचालकांच्या खोलीतल्या त्या सोमवारनंतर तीन आठवडे झाले असतील. मुलीच्या तापामुळे ती चार दिवस रजेवर होती. परत आली तेव्हा वाळत घातलेल्या फिल्ममध्ये तेराशे एकोणीस लटकत होती, आकाशाच्या शेजारच्या तुकड्याची. भरली होती रात्रपाळीच्या मदतनिसाने, नव्या खोक्यातली, दुसऱ्याच चौकटीतून, धुतलीही त्यानेच. आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातून तीच रेघ आत शिरून बाजूच्या कडेने बाहेर पडत होती. तिने तेराशे बाराची, रेघ पुसण्याआधीची, तिची स्वतःची चाचणी छाप कपाटातून काढून उजेडाच्या टेबलावर दोन्ही शेजारी लावल्या, ताऱ्याला तारा जुळवला, आणि रेघेला रेघ मिळाली. खोकं वेगळं, चौकट वेगळी, हात वेगळा. तिला सगळं कळलं. तिथून सुरईच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं होती. कायम केल्याचं पत्र दोनच दिवसांपूर्वी टपालाने घरी आलं होतं, तेव्हा भीतीचंही कारण फारसं उरलं नव्हतं. मदतनिसाच्या चुकीसाठी कुणी तिला काढलं नसतं. जी होती ती भीती नव्हती. ती एक प्रकारची चीड होती, सुरईवरचीच. हिने माझ्यावर एवढा विश्वास का ठेवला? जरा ताणून धरलं असतं, खोकं मागवून बघितलं असतं, तर मी तिथेच उघडी पडले असते आणि सुटले असते. आता तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं तर नुसती चूक नाही, तो विश्वासही परत करायचा होता. मावशीने चाचणी छाप फाडली. बाटली काढली, ब्रश काढला. दुपारभर कुणी आलं नाही. तिने कधी नव्हे इतकं सुबक काम केलं.

तिने लिहिलं : 'तेराशे एकोणीस या फिल्मवर तीच रेघ पुढे गेलेली मी पाहिली. ती आकाशातली आहे हे तेव्हा मला निश्चित कळलं होतं. ती पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.' सही केली आणि कागद सुरईकडे सरकवला.

सुरईने चष्मा चढवला. वाचताना तिचं बोट ओळीखालून फिरत होतं. शेवटच्या तीन वाक्यांशी ते थांबलं. ती वाक्यं तिने पुन्हा वाचली, कुणाला न विचारता.

"हे तुम्ही मघाशी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

सुरई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. मावशी बसून राहिली. कपातला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी वर यायला सांगत होतं, आणि तो नाही म्हणत होता. उठून जावं असं तिला वाटलं आणि त्याच वेळी कळलं, की जाण्याची परवानगी आता आपली आपल्याला घेता येणार नाही. सुरई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, फक्त तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. ती बसली, कागद पुन्हा मावशीपुढे ठेवला आणि त्या तीन वाक्यांच्या शेजारी बोट टेकवलं.

"दिवस लिहिला नाहीत," ती म्हणाली. "दुसरी फिल्म बघितलीत तो. अंदाजे चालेल."

मावशीने पेन घेतलं आणि तारीख लिहिली. महिना, साल, वार. वाराखाली वेळही लिहिली, दुपारी पावणेतीन. कुठेही पेन अडलं नाही, बोटांवर काही मोजावं लागलं नाही.

सुरई तिच्या हाताकडे बघत होती, शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत. मग तिने कागद घडी न घालता फाइलीत, छापेवर, ठेवला.

"पाठ आहे तुम्हाला," ती म्हणाली.